शिबिर उठल्यावर गावात कोण उरते?

एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक निबंध प्रसिद्ध झाला. एचपीव्ही या विषाणूची चाचणी एकदाच केली, तरी पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे त्याने दाखवून दिले. तपासणीबाबतचे जगाचे धोरण बदलणाऱ्या पुराव्यांत हा निबंध पहिल्या रांगेत धरला जातो. त्यातल्या १,३१,७४६ स्त्रिया तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत राहणाऱ्या होत्या आणि कामाचे केंद्र होते सोलापूर जिल्ह्यातली बार्शी.

या निबंधानंतर दहा-बारा वर्षांनी, २०१९ ते २०२१ या काळात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधी तरी तपासणी झाली आहे, असे सांगणाऱ्या ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रिया निघाल्या फक्त १.९ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचे २०३० चे उद्दिष्ट आहे ७० टक्के.

बार्शीच्या पंचक्रोशीत सिद्ध झालेली गोष्ट जिनिव्हापर्यंत पोचली, पण ती आपल्याच उपकेंद्रांच्या रोजच्या कामात उतरली नाही. हा प्रश्न एका कर्करोगापुरता नाही. गाव, सरकारी यंत्रणा, डॉक्टर, सेवाभावी संस्था आणि कामगार संघटना यांनी एकत्र येऊन आरोग्य सुधारण्याचे प्रयोग सोलापूर जिल्ह्यात आणि त्याच्या शिवेवर गेल्या पन्नास वर्षांत भरपूर झाले. त्यांतले काही टिकले, काही पुरस्कारापुरते चमकले, काही निधीबरोबर आटले. या लेखात त्यांचा आढावा घेताना एकच कसोटी लावली आहे: पाहुणे परत गेल्यावर गावात कोण राहिले आणि त्याच्या हातात काय राहिले?

जिल्ह्याचा पिंड

अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांवर होती. पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. उजनीचे पाणी पोचले तिथे ऊस आला आणि साखर कारखान्यांची रांग लागली. सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट यांचा बराच भाग मात्र टँकरची वाट बघत राहिला. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात घरोघरी कन्नड ऐकू येते, शहरात पद्मशाली विणकरांची तेलुगू आणि मोहल्ल्यांतली दखनी. आरोग्याची एकच पत्रिका मराठीत छापून साऱ्या जिल्ह्यात वाटली, म्हणजे ती सगळ्यांना कळली असे इथे मानता येत नाही.

सरकारी रचना कागदावर सर्वत्र सारखी आहे. साधारण हजार लोकांमागे एक आशा, पाच हजारांमागे उपकेंद्र, तीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये. सर्वांत वर सोलापूरचे सिव्हिल हॉस्पिटल आणि त्याला जोडलेले, १९६३ मध्ये सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय.

लोकांनी आपण होऊन उभारलेल्या आधाराची परंपरा मात्र या रचनेहून जुनी आहे. पंढरपुरात १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाने बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवेच्या पोटी आलेल्या मुलाचा जीव घेण्याची पाळी त्या बाईवर येऊ नये, म्हणून. गाडगेबाबांनी पंढरपुरातच चोखामेळा धर्मशाळा उभारली. चार भिंती आणि स्वच्छ निवारा हीसुद्धा आरोग्यसेवाच असते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढे बार्शीत मामासाहेब जगदाळे यांनी शाळांच्या जोडीला रुग्णालयाचा ध्यास घेतला. सोलापुरात तर सहकारी तत्त्वावर अश्विनी रुग्णालय उभे राहिले. साखर, सूत आणि दूध सहकारात चालवणाऱ्या जिल्ह्याने दवाखानाही त्याच वाटेने नेला, यात नवल नाही.

बार्शी: आधी ओळख, मग तपासणी

बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचे. १९८७ मध्ये तिथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांचा तिला पाठिंबा होता. टाटाच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने ही त्यामागची प्रमुख नावे. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे त्यात घेतली होती.

मुंबईसारख्या शहरात कर्करोगाची नोंद करायची तर रुग्णालयांची दप्तरे चाळली की बरेचसे काम होते. खेड्यात हे चालत नाही, कारण कर्करोगाचा रुग्ण अनेकदा रुग्णालयाची पायरी न चढताच जातो. दप्तरात तो नसतोच. म्हणून बार्शीच्या पथकाने उलटी वाट धरली. कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव जात. सरपंच, शिक्षक, दाई, गावातली जाणती माणसे यांना भेटत. न भरणारी जखम, तोंडातला पांढरा चट्टा, स्तनातली गाठ, पाळी गेल्यावरचा रक्तस्राव ही लक्षणे समजावून सांगत आणि शंका आलेल्या माणसाला बार्शीपर्यंत आणत. आकडे गोळा करायचे तर आधी लोकांना शहाणे करावे लागले, आणि लोक शहाणे झाल्यावर आकडेच बदलू लागले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागल्याचे या पथकाने १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी कुठलेही नवे यंत्र आणले नव्हते. गावात पुन्हा पुन्हा जाणे आणि बोलणे, एवढ्यावरच हा फरक पडला होता.

धाराशिवचा मोठा प्रयोग १९९९ मध्ये सुरू झाला तो या अनुभवाच्या पायावर. टाटा स्मारक आणि फ्रान्समधल्या लियाँ शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सोबत होत्या. खेड्यांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांची चार भागांत विभागणी केली. एकात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्यात फक्त माहिती व नेहमीची सेवा. तपासणीला बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ऐंशी टक्के आल्या. शेतातली खुरपणी सोडून, सासू-नवऱ्याची परवानगी काढून, अनोळखी टेबलावर झोपायला इतक्या बायका तयार झाल्या, ही त्या निबंधातली सर्वांत दुर्लक्षित पण सर्वांत मोलाची गोष्ट. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर चौथ्या गटात ६४. बाकीच्या दोन पद्धतींत मृत्यूंमध्ये ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही.

चौथ्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांना तपासणी का दिली नाही, असा आक्षेप पुढे भारतातल्या अशा सर्वच प्रयोगांवर घेतला गेला आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. त्या काळी त्या भागात तपासणीची सोयच नव्हती, त्यामुळे कुणाचे काही काढून घेतले नाही, हे संशोधकांच्या बाजूचे उत्तर. पण लोक जेव्हा भागीदार म्हणवले जातात, तेव्हा प्रयोग संपल्यावर फळ सर्वांना कधी मिळेल, हे आरंभीच ठरायला हवे. बार्शीने २००९ मध्ये एचपीव्ही लशीच्या देशव्यापी अभ्यासातही भाग घेतला. तो अभ्यास २०१० मध्ये, वेगळ्याच एका लस-प्रकल्पावरून उठलेल्या वादळात, मध्येच थांबवावा लागला आणि अनेक मुलींना नियोजित दोन किंवा तीन मात्रांऐवजी एकच मात्रा मिळाली. त्या मुलींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला म्हणूनच एक मात्राही पुरते असे दिसून आले, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागारांनी एका मात्रेला मान्यता देताना हा पुरावाही तोलला. आजचे जग स्वस्तात लस देऊ शकते, त्यामागे भारतीय घरांतल्या मुलींचा वाटा आहे.

शिवेपलीकडच्या दोन वाटा

करमाळ्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला त्यांनी प्रशिक्षित परिचारिका गावात ठेवून पाहिल्या. त्या बाहेरच्या, शिकलेल्या. त्यांना गाव मानवेना आणि गावाला त्या. मग गावानेच निवडलेल्या बाईला शिकवायचे ठरले. यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, गप्पा मारत, मुक्काम करत आणि गावी परतत. पुरुषांची शेतकरी मंडळे आणि बायकांची महिला मंडळे त्यांच्या पाठीशी असत.

१९७२ च्या दुष्काळात जामखेडला एक गोष्ट लख्ख दिसली: गावाला औषधाआधी पाणी आणि धान्य हवे आहे. कूपनलिका पाडायच्या तेव्हा आरोळ्यांनी जागा दलित वस्तीत धरली, म्हणजे पाण्यासाठी साऱ्या गावाला तिथे यावे लागले. प्रकल्पाच्या गावांत बालमृत्यूचे प्रमाण सुरुवातीला हजारी १७६ होते. शतक संपण्याआधी ते तिसाच्या खाली आले. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी अल्मा-आटाच्या परिषदेने लोकसहभागातून प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला होता. त्या जाहीरनाम्यामागे ज्या मोजक्या ग्रामीण प्रयोगांचा अनुभव होता, त्यांत जामखेड होते.

दुसरी वाट सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम उभे केले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या काळात ते विस्तारले. त्यांच्या ‘भारतवैद्य’ म्हणजे गावातल्याच कमी शिकलेल्या बायका. ताप, जुलाब, बाळंतपणानंतरची काळजी यांत तयार झालेल्या या बायका घरगुती मारहाणीच्या प्रसंगीही शेजारणीच्या बाजूने उभ्या राहू लागल्या. आरोग्याचे काम सुरू केले की ते कुठल्या उंबरठ्यापर्यंत जाईल हे आधी सांगता येत नाही, याचा हा पुरावा.

हेच जगात इतरत्रही दिसले आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात माऊंड बायू या कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या गावी साठच्या दशकात एक आरोग्य केंद्र निघाले. तिथले डॉक्टर कुपोषित मुलांना औषधाच्या चिठ्ठीवर धान्य लिहून देत. पुढे त्या मजुरांनी भाजीपाला पिकवणारी सहकारी शेती सुरू केली. जामखेडचे दुष्काळातले धान्य आणि मिसिसिपीची ती चिठ्ठी यांत फारसा फरक नाही.

समिती आली, खाते उघडले

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि अशा प्रयोगांतले बरेच काही सरकारी चौकटीत शिरले. गावाची आशा, गावाची आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती, तिला वर्षाला दहा हजार रुपयांचा मुक्त निधी, रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आणल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले होते. बाळंतिणीच्या घरी आशाने ठरावीक दिवशी जाऊन बाळाचे वजन करायचे, हा आजचा नियम तिथून आला.

चौकटीत एक खरोखर नवी गोष्टही होती, ती म्हणजे लोकाधारित देखरेख. महाराष्ट्रात २००७ मध्ये पाच जिल्ह्यांत ती सुरू झाली. त्यांत शेजारचा उस्मानाबाद होता. पुण्याची ‘साथी’ संस्था राज्याच्या पातळीवर समन्वय पाहत होती. गावकरी आपल्या आरोग्य सेवेला हिरवा, पिवळा, लाल असे शेरे देत. वर्षातून एकदा जनसुनवाई होई. औषधे बाहेरून का आणायला लावली, बाळंतपणाचे पैसे का मागितले, डॉक्टर मुक्कामी का नसतात, याची उत्तरे अधिकाऱ्यांना भर मंडपात द्यावी लागत. अशा सुनावणीनंतर बंद उपकेंद्र उघडणे, औषधांचा फळा लागणे, बेकायदा वसुली थांबणे असे बदल झाल्याचे अनुभव अनेक तालुक्यांतून नोंदले गेले.

तरीही समित्या बहुतेक ठिकाणी सुस्तच राहिल्या. अनेक गावांत समितीची बैठक म्हणजे इतिवृत्ताच्या वहीवर फिरणाऱ्या सह्या. दहा हजारांत फिनेलच्या बाटल्या, वजनकाटा आणि एखादा फलक येतो आणि हिशेब संपतो. पैसे कमी आहेत ही अडचण दुय्यम. समितीने लाल शेरा दिला तर कुणाला काही उत्तर द्यावे लागेल, अशी व्यवस्था जिथे नाही तिथे लोक दुसऱ्या बैठकीला येत नाहीत. रिकाम्या हाताने भागीदार होण्यापेक्षा कामावर गेलेले बरे, हा त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

आणि आशा? २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक मानधनवाढीसाठी संपावर होत्या, आणि २०२४ च्या आरंभी कबूल केलेल्या वाढीचा शासन निर्णय निघावा म्हणून आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या. सरकारच्या लेखी त्या ‘स्वयंसेविका’. प्रत्यक्षात कुष्ठरोग शोधापासून निवडणुकीच्या याद्यांपर्यंत जे काम येईल ते त्यांच्या अंगावर. गावातल्या भागीदारीचा सारा भार जिच्या खांद्यावर, तिलाच कर्मचारी म्हणायचे नाही, ही या चौकटीतली मुळातली खोट आहे.

वारीची पंधरवड्यातली परीक्षा

सोलापूर जिल्ह्याला दर आषाढात एक परीक्षा द्यावी लागते. ज्ञानोबांची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात शिरते, तुकोबांची अकलूजच्या बाजूने. वाखरीला सगळ्या मिळतात आणि काही दिवसांसाठी लाखाच्या वस्तीच्या पंढरपुरात दहा लाखांहून जास्त माणसे उतरतात. एकोणिसाव्या शतकात यात्रा आणि पटकी ही जोडीच ठरलेली होती. इंग्रजी अंमलाने यात्रेकरूंवर कर बसवला, निर्बंध आणले. पाणी आणि मैला वेगळे ठेवायचे कसे, हा प्रश्न मात्र एकविसाव्या शतकापर्यंत लोंबकळत राहिला.

चंद्रभागेचे वाळवंट, तिथली घाण आणि ती हाताने उचलणारे सफाई कामगार, यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. न्यायालयाने शौचालयांची सोय करायला लावली, वाळवंटातल्या राहुट्यांवर मर्यादा आणली. नदीपल्याड ‘६५ एकर’ म्हणून ओळखला जाणारा तळ वारकऱ्यांसाठी तयार झाला. २०१५ पासून पालखी मार्गावर फिरती शौचालये ठेवणारी ‘निर्मल वारी’ची मोहीम स्वयंसेवी संघटना आणि शासन मिळून चालवत आहेत. दिंडीतल्या बायकांना पहाटे अंधारात आडोसा शोधण्याची गरज त्यामुळे बरीच कमी झाली. पाण्याचे टँकर तपासणे, क्लोरिन घालणे, मुक्कामी फिरते दवाखाने, दुचाकीवरचे आरोग्यदूत हेही ठरून गेले आहे.

इथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, वारीतली सुधारणा केवळ भक्तिभावाने झाली नाही. सफाई कामगारांच्या बाजूने कुणी तरी न्यायालयात गेले, तेव्हा चाके हलली. दोन, वारी दरवर्षी त्याच तिथीला येते. यंत्रणेला विसरायला सवड मिळत नाही आणि मागच्या वर्षीची चूक यंदा सर्वांसमोर येते. एरवीच्या मोठमोठ्या आरोग्य शिबिरांना हे लागू नाही. २०२३ मध्ये पंढरपुरात भरलेल्या महाआरोग्य शिबिरात लाखोंची तपासणी झाल्याचे शासनाने सांगितले. पण शिबिरात ज्याचा रक्तदाब वाढलेला निघाला तो माणूस दोन दिवसांनी परभणीला किंवा जालन्याला परत जातो. त्याच्या गावच्या उपकेंद्रात ती नोंद पोचली आणि महिन्याच्या गोळ्या मिळाल्या, तरच त्या तपासणीला अर्थ. एरवी ती चिठ्ठी पिशवीत बुक्क्याच्या पुडीशेजारी पडून राहते.

स्वच्छतेच्या बाबतीत जिल्ह्याने दुसरे टोकही पाहिले आहे. २००० च्या सुमारास आलेल्या संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानात गावे चुरशीने उतरली, गल्ल्या लखलखल्या. पुढे हागणदारीमुक्तीच्या घाईत ‘गुड मॉर्निंग पथके’ आली आणि पहाटे डबा घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला गाठून लाजवण्याला लोकजागृती म्हटले गेले. शौचालय बांधले, सांगोल्या-मंगळवेढ्याच्या उन्हाळ्यात त्यात ओतायला पाणी कुठून आणायचे, हे त्या म्हाताऱ्याला कुणी विचारले नाही.

कोरोना आणि गावाची ताकद

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत सोलापूर जिल्हा परिषदेने, दिलीप स्वामी मुख्य कार्यकारी अधिकारी असताना, गाव कोरोनामुक्त करण्याची मोहीम हाती घेतली. मोहोळ तालुक्यातले घाटणे आणि दक्षिण सोलापुरातले अंत्रोळी या गावांची नावे राज्यभर गेली. घाटण्याचे सरपंच ऋतुराज देशमुख एकविशीतले, तर अंत्रोळीच्या सरपंच कोमल करपे. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ३० मे रोजी हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांच्या बरोबरीने या दोघांचा जाहीर उल्लेख केला. तीनच दिवसांनी राज्याने प्रत्येक महसूल विभागात ५०, २५ आणि १५ लाखांची बक्षिसे असलेली कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर केली.

घरोघरी विचारपूस, लक्षण दिसताच चाचणी, घरात जागा नसलेल्यांसाठी शाळेत सोय, विलगीकरणातल्या घराला किराणा पोचवणे, अशी ही साधी सूत्रे होती. ती चालली, कारण गावाला कुणाच्या घरी किती खोल्या आहेत, कोण परगावाहून आले आहे, कोण कुणाचे ऐकते हे माहीत असते. ही माहिती कुठल्याही नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर नसते. पण लाट ओसरल्यावर त्याच पथकांनी मधुमेह, क्षयरोग आणि मिशरीच्या व्यसनाकडे वळावे, असे कुणी सांगितले नाही. जमलेली ताकद पांगली. क्षयमुक्त पंचायतीसारख्या नंतरच्या योजना तीच ताकद पुन्हा पहिल्यापासून जमवायला निघाल्या आहेत.

दवाखान्याबाहेरचे आरोग्य

सोलापुरातल्या विडी कामगार बायका पिढ्यान्‌पिढ्या एका खोलीत राहिल्या. तिथेच चूल, तिथेच तंबाखूचे सूप, तिथेच तान्हे मूल. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली संघटनेने घरांचा लढा उभारला. शहराला लागून असलेल्या कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची सहकारी वसाहत झाली. २००६ मध्ये तिथली दहा हजार घरे कामगारांना मिळाली. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आले आणि त्यातल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. केंद्र, राज्य, बँका आणि स्वतःच्या वर्गणीसह बायका, अशी ही भागीदारी. आरोग्य खात्याच्या कुठल्याही अहवालात ती सापडणार नाही. पण झोपायच्या जागेपासून तंबाखूची धूळ दूर ठेवायला वेगळी खोली आणि दाराआड शौचालय मिळणे, याने बाईच्या छातीला आणि मूत्रमार्गाला जो दिलासा मिळतो तो औषधाने मिळत नाही.

या आढाव्यातली सर्वांत मोठी पोकळी ऊसतोड कामगारांच्या बाबतीत आहे. तिसाहून अधिक साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात दरवर्षी मराठवाड्यातून टोळ्या येतात, पाच-सहा महिने पालात राहतात आणि जातात. त्यांची आशा मागे गावी राहते. इथल्या आशाच्या यादीत त्या नसतात. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाच्या समितीसाठी ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवशी खाडा पडला की दंड, पालाजवळ पाणी नाही, दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी खाजगी दवाखान्यात पिशवीच काढून टाकायची. ही कारणे ज्या फडात घडतात तो फड अनेकदा सोलापूर जिल्ह्यात असतो. गावावर बेतलेली कुठलीही समिती या बायकांना आपले मानत नाही, कारण त्या कुणाच्याच गावच्या नसतात. इथे भागीदार व्हायला हवेत कारखाना आणि मुकादम. ऊस शेतकऱ्याचा, साखर कारखान्याची आणि आजारपण मात्र मजुराचे, ही वाटणी बदलल्याशिवाय नुसत्या फिरत्या दवाखान्याने फरक पडणार नाही.

याच धाग्याने बालविवाह येतो. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सोलापूर जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४०.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के. साखर आणि सहकाराचे वैभव सांगणाऱ्या जिल्ह्याला हा आकडा शोभत नाही. अल्पवयात बाळंतपण, रक्तक्षय, कमी वजनाचे मूल ही साखळी तिथून सुरू होते. आणि इथे गावाचा सहभाग उलट दिशेने काम करतो. लग्नाच्या मांडवात सगळा गाव असतो, पोलिसपाटील असतो, कधी समितीचे सदस्यही असतात. गाव एकमुखाने जे ठरवते ते नेहमी हिताचेच असते असे नाही. गावाच्या मर्जीविरुद्ध बोलणाऱ्या मुलीला, शिक्षिकेला, आशाला ज्या व्यवस्थेत बळ मिळत नाही, तिथे एकोपाच रोगाचे कारण होतो. जामखेडने कूपनलिकेची जागा निवडताना हेच ओळखले होते.

मग टिकते ते काय?

या सगळ्या प्रयत्नांना शेजारी शेजारी ठेवले की काही गोष्टी स्पष्ट होतात. जिथे एक ओळखीचा माणूस, बहुधा बाई, वर्षानुवर्षे त्याच दारात जात राहिली तिथे फरक पडला. बार्शीचे कार्यकर्ते, जामखेडच्या सेविका, अणदूरच्या भारतवैद्य ही त्याची उदाहरणे. जिथे तपासणीच्या मागे उपचाराची खात्री होती तिथे लोक तपासणीला आले. जिथे लोकांच्या तक्रारीला अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागले, मग ते जनसुनवाईत असो की न्यायालयात, तिथे यंत्रणा हलली. आणि जिथे बक्षीस, मोहीम किंवा एखाद्या अधिकाऱ्याची बदली यांवर सारे अवलंबून होते, तिथे मांडवाबरोबर कामही उठले.

सोलापूरला नवा प्रयोग शोधण्याची गरज नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी काय करायचे, कुठल्या वयात करायचे, बायका कशा येतात, हे सारे याच मातीत शोधून झालेले आहे. जिल्हा परिषदेने आणि आरोग्य खात्याने तीस ते एकोणसाठ वयाच्या स्त्रियांची एचपीव्ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून टप्प्याटप्प्याने सुरू करावी आणि त्यासाठी बार्शीचे ज्ञान हक्काने वापरावे. आशाला त्या कामाचा ठरलेला मोबदला द्यावा. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक कारखान्याने फडातल्या टोळ्यांची यादी जवळच्या उपकेंद्राला देणे बंधनकारक करावे. प्रत्येक तालुक्यात वर्षातून एक आरोग्य सुनावणी तारीख ठरवून घ्यावी, वारीसारखीच न चुकणारी. यांतल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. लागते ते अर्थसंकल्पात आपले, दरवर्षी येणारे एक लेखाशीर्ष.

आणि यापुढे गावात कुणी आरोग्याची भागीदारी घेऊन आले, मग ते सरकार असो, कंपनीचा सामाजिक निधी असो की परदेशी विद्यापीठ, तर ग्रामसभेने पहिल्याच बैठकीत तीन प्रश्न विचारावेत. यात पगार कुणाला मिळणार? निर्णय कोण घेणार? आणि तुमचे पैसे संपल्यावर हे काम कुणाच्या खात्यातून चालणार? तिसऱ्या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळेपर्यंत मांडवाला खांब रोवू देऊ नये.